अर्ध्या वहीचं प्रकरण

जळगाव जिल्ह्यात गिरणेच्या काठच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत घडलेली ही गोष्ट. मुलाची आणि गावाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला इथे आप्पा म्हणते. आमच्याकडे आजोबांचं नाव ठेवलेल्या पोराला घरात कुणी नावाने हाक मारत नाही. अकरा वर्षांचं पोर आप्पा, नाना नाहीतर बापू असतं आणि त्याच्यावर ओरडताना आपलीच जीभ अडखळते.

पार्श्वभूमी

सहावीचा वर्ग, पट ३४. मी वर्गशिक्षिका, मराठी आणि इतिहास माझ्याकडे. आप्पाचे वडील सुरतेला कापडाच्या कारखान्यात आहेत, दोन-तीन महिन्यांनी घरी येतात. आई रोजाने निंदणीला जाते, हंगामात कापूस वेचायला. घरी आजी आणि पहिलीतली बहीण. बहिणीची वेणी सकाळी आप्पा घालतो. मी एकदा बघितली, माझ्यापेक्षा बरी घालतो.

तो बोलतो अहिराणी. माझं माहेर यावलकडचं, घरात लेवा बोली. आम्ही 'मले' म्हणतो, इथे 'माले'. एवढ्या फरकावर वर्ग हसतो. म्हणून मी पहिल्या वर्षापासून सरळ पुस्तकी मराठीच धरली. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

वर्गात सहा गट आणि भिंतीवर ताऱ्यांचा तक्ता. शेवटच्या तासाला गटप्रमुख वह्या बघतो. गटातल्या सगळ्यांची वही पूर्ण असेल तर तारा मिळतो, एकाचीही अपूर्ण असेल तर गटाचा तारा जातो. ज्याच्याकडे वहीच नाही त्याचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचं, पण गटाचा तारा कापायचा नाही. वही संपलीय आणि नवी घ्यायला घरी पैसे नाहीत, यात गटाचा काय दोष, असा माझा विचार. तक्ता दोन वर्षं चालू होता. केंद्रप्रमुखांनी एका भेटीत त्याचं कौतुकही केलं होतं.

काय घडत होतं

जुलैच्या मध्यापासून माझ्या डायरीत आप्पाच्या नावाने नोंदी सुरू झाल्या. वहीचं पान फाडलं. पूर्ण वही खिडकीतून टाकली. बाक लोटून बाहेर गेला, हातपंपापाशी बसून राहिला. पोळ्यापर्यंत अशा ११ नोंदी. शिवाय खिचडीच्या रांगेत धक्काबुक्की होती, ती वेगळीच. जवळजवळ सगळ्या नोंदी दुपारच्या, मधल्या सुट्टीनंतरच्या. मी त्याचा अर्थ लावला तो असा: पोट भरलं, ऊन चढलं, पोरगं चिडचिडं झालं. वर्णनात्मक नोंदवहीत मी 'चिडखोर, समज देऊनही सुधारणा नाही' असं लिहून ठेवलं होतं.

पोळ्याच्या आठवड्यात त्याने कंपासपेटी फेकली. पेटीचा कोपरा गटप्रमुख मुलाच्या भुवईला लागला. प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन टाके पडले. संध्याकाळी त्या मुलाची आई शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. "आज भुवई, उद्या डोळा," ती म्हणाली. तिचं काही चुकत नव्हतं.

समोर आलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत जे जे सुचवलं गेलं ते सांगते. आठवडाभर घरी बसवू. माफीनामा लिहून घेऊ. आश्रमशाळेत नाव घालायला सांगू. बाक बदलू. गावातल्या एका सदस्याने पाठ शेकण्याचाही पर्याय दिला. सुरतेहून वडिलांचा फोन आला, तेही तेच म्हणाले, "मॅडम, दोन हाना त्याले, मन्ही काही तक्रार नही."

मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने मनाई आहे, आणि कलम १६ प्रमाणे आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण खरं सांगायचं तर त्या खोलीत कायद्यापेक्षा मुख्याध्यापकांचा एक प्रश्न जास्त उपयोगी पडला. "आठ दिवसांनी परत आला की काय करायचं?" कुणाकडेच उत्तर नव्हतं.

आधी डोळे तपासून घेतले. फळ्यावरचं दिसत नसेल, अशी माझी खात्रीच झाली होती. आरोग्य पथकाच्या तपासणीत नजर व्यवस्थित निघाली. खोटं कशाला बोलू, मी थोडी नाराज झाले. चष्म्यावर भागलं असतं तर किती सोपं होतं.

समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षिका पंधरा दिवसांतून एकदा येतात. त्यांनी रॉस ग्रीन या अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञाची पद्धत सांगितली. ग्रीन म्हणतात, ज्या मुलाला नीट वागणं जमतं ते नीट वागतंच. वागत नसेल तर इच्छेआधी जमण्याकडे बघा. कुठलं तरी कौशल्य कच्चं असतं: राग सोसणं, बेत बदलला तर जुळवून घेणं, अडचण शब्दांत सांगणं. मागणी त्या कौशल्यापेक्षा मोठी झाली की मूल फुटतं. अशा वेळी मोठ्यांपुढे तीन वाटा असतात. आपला तोडगा लादायचा, तो प्लॅन ए. काही मागण्या तात्पुरत्या सोडून द्यायच्या, तो प्लॅन सी. आणि मुलाबरोबर बसून दोघांनाही चालेल असा मार्ग काढायचा, तो प्लॅन बी. बीच्या पायऱ्या तीन. आधी मुलाची अडचण त्याच्याकडून समजून घ्यायची, मग आपली काळजी सांगायची, मग दोघांनी मिळून मार्ग शोधायचा. हे सगळं भांडण पेटलेलं नसताना, थंड वेळी.

ऐकताना मला यात नवीन काही वाटलं नाही. मुलांशी प्रेमाने बोला, हे आम्ही डी.एड.पासून ऐकतोय. घोळ कुठे होता ते बाईंनी माझ्या डायरीवर बोट ठेवून दाखवलं. "हे 'वही फाडतो' म्हणजे तो काय करतो ते झालं. त्याला काय जमत नाही ते लिहा." अर्धा तास मी खोडत होते. 'वही फाडतो', 'लिहायचा कंटाळा', 'लक्ष नसतं' सगळं गेलं. शेवटी उरलं ते एवढंच: 'इतिहासाच्या तासाला फळ्यावरचं वहीत उतरवून घेताना अडचण येते.' दुसरी ओळ: 'खिचडीच्या रांगेत थांबताना अडचण येते.' बाई म्हणाल्या, एका वेळी एकच घ्या. वहीची घेतली. रांगेसाठी तूर्त प्लॅन सी: त्याने रांगेत उभं न राहता शेवटी येऊन ताट घ्यायचं.

पहिली बैठक, जी फसली

मी त्याच दिवशी दुपारी त्याला बोलावलं. मुख्याध्यापक टेबलामागे, मी खुर्चीवर, आप्पा उभा. मी विचारलं, "का रे असं करतोस?" तो फरशीकडे बघत राहिला. मिनिटभर गेला असेल. मला ती शांतता सोसवली नाही. "बरं, आपण असं करू, तू उद्यापासून पहिल्या बाकावर बस आणि रोज निदान अर्धं पान तरी लिही. चालेल ना?" तो म्हणाला, "हो मॅडम." आम्हाला वाटलं, जमलं.

दुसऱ्याच दिवशी पहिल्या बाकावरून वही उडाली.

यात तीन चुका होत्या. 'का' हा प्रश्न मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. तोडगा माझ्या खिशात आधीच तयार होता, विचारणं नावापुरतं. म्हणजे तो प्लॅन ए होता, फक्त गोड आवाजातला. आणि मुख्याध्यापकांसमोर पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचं म्हणजे त्या पोराला दोन डोंगर एकदम चढायचे होते.

परसबागेतली बैठक

शनिवारी सकाळची शाळा सुटली की शाळेच्या परसबागेला पाणी घालायची पाळी एकेका मुलाची असते. त्या शनिवारी मी आप्पाबरोबर थांबले. वांग्याच्या वाफ्यात मीही बसले, गवत काढायला. दोघांचे हात कामात, नजरेला नजर नाही.

"फळ्यावरचं वहीत उतरवून घेताना तुला काहीतरी अडचण येते, असं मला दिसतंय. काय व्हस?"

शेवटचे दोन शब्द मी मुद्दाम अहिराणीत टाकले. तो हसला. मग म्हणाला, "काही नही."

यावेळी मी बोलले नाही. एक वाफा पूर्ण झाला. त्याने बादली भरून आणली, ओतली, रिकामी बादली उपडी घालून तिच्यावर बसला.

"मॅडम, फळा पुसाई जास."

"मंग?"

"मंग आर्धं ऱ्हास."

"अर्धं राहिलं की काय होतं?"

"तारा जास. सम्दासना." थोडं थांबून, "वहीच नही ऱ्हायनी ते मन्हं एकलानंच नाव लिखाई जास."

मला कळायला वेळ लागला. मातीने भरलेल्या हातांनी मी तशीच बसून राहिले. वही अर्धी असेल तर सहाही जणांचा तारा जातो. वही नसेल तर फक्त त्याचं नाव फळ्यावर येतं. म्हणजे शेवटच्या तासाच्या आत वही नाहीशी करणं, हा माझ्याच नियमातला सगळ्यात शहाणा मार्ग होता. तो त्याने शोधून काढला होता, आणि मी त्याला राग म्हणत होते.

पुढे हळूहळू बाकीचं निघालं. वर बघून शब्द धरायचा, खाली येईपर्यंत तो निसटतो, परत वर बघितलं की ओळ सापडत नाही. तारा गेला की सुट्टीत गटातली मुलं घेरतात. कंपासपेटी फेकली त्या दिवशी गटप्रमुखाने वेळेच्या आधीच वही ओढून घेतली होती आणि वर्गभर ओरडून सांगितलं होतं, "आर्धी!"

या सगळ्याने टाके पडलेली भुवई बरोबर ठरत नाही. तेही मी तिथेच बोलले. माझी काळजी दोन वाक्यांत सांगितली: वहीत काही नसलं तर घरी वाचायला काही उरत नाही, आणि वस्तू उडतात तेव्हा बाकीच्यांना लागतं, बाकीचे घाबरतात. मग विचारलं, "तुझं लिहून होईल, गटाला त्रास होणार नाही आणि कुणाला लागणार नाही, असं काही सुचतं का?"

"फळा पुसू नका."

माझ्या तोंडावर 'ते कसं शक्य आहे' आलं होतं. पुढचा तास गणिताचा, फळा एकच. पण बाईंनी बजावलं होतं, मुलाची सूचना तोडायची नाही, ती दोघांच्या काळजीला पुरते का ते दोघांनी तपासायचं. आम्ही तपासलं. अर्धा फळा ठेवता येईल का? येईल. खडूने मध्ये उभी रेघ मारायची. डावीकडचा मजकूर शाळा सुटेपर्यंत राहील. उरलेलं तो मित्राच्या वहीतून घेईल. मी ताऱ्यांचा नियम बदलेन, हे माझ्याकडून.

ठरलेलं कसं मोडलं आणि परत कसं ठरलं

तीनच दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी गणिताच्या सरांनी पूर्ण फळा पुसला. त्यांना मी सांगितलंच नव्हतं. आप्पा बाहेर निघून गेला, पण वही बाकावर ठेवून गेला. मी परत आले तेव्हा ती वही तिथे अर्धी, उघडी पडलेली होती. मला तीच मोठी बातमी वाटली.

मित्राच्या वहीचंही फार टिकलं नाही. मित्राचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, आणि वेचणी सुरू झाल्यावर तो आठवड्यातून दोन दिवस शेतात. आम्ही परत बसलो. या वेळी आप्पानेच विषय काढला. गावात खेडा खरेदीवाले कापूस मोजायला येतात, ते त्याने बघितलं होतं. "ते पावतीखाले निळा कागद ठेवतस. दोन पावत्या व्हई जातस."

कार्बन पेपर! एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला हे कधी सुचलं नाही.

ठरलं ते असं. पहिल्या पाच ओळी आप्पा स्वतः फळ्यावरून लिहील. पुढचं, शेजारच्या बाकावरची अक्षर चांगलं असलेली मुलगी आपल्या पानाखाली कार्बन आणि कोरा कागद ठेवून लिहील. ती प्रत आप्पा वहीत चिकटवेल. मुलीला आधी विचारलं. तिची एकच अट: कार्बन आप्पाने लावून द्यायचा, कारण तिची बोटं निळी होतात.

आता वर्गाची कुरकुर. "त्यालेच का?" मी कार्बन सगळ्यांसाठी खुला केला. पहिल्या आठवड्यात चौघांनी घेतला. प्रत घ्यायची तर कुणाच्या तरी मागे लागावं लागतं, म्हणून तिघांनी सोडून दिला. वेचणीमुळे वारंवार गैरहजर राहणारी एक मुलगी मात्र त्यावर तगली. तिच्यासाठी मी काहीच केलं नव्हतं, ती कधी वस्तू फेकत नव्हती म्हणून.

ताऱ्यांचं जास्त जड गेलं. मला तक्ता त्या दिवशीच फाडायचा होता. पण ज्या गटाचे तारे जास्त होते ती मुलं रडकुंडीला आली. मग दिवाळीपर्यंतचे तारे मोजून तक्ता बंद केला, आणि तोपर्यंत अपूर्ण वहीने गटाचा तारा जाणं रद्द केलं.

निकाल

दुसऱ्या सत्रात, दिवाळीनंतर ते जानेवारी अखेरपर्यंत, वहीच्या संदर्भात डायरीत तीन नोंदी आहेत. त्यातल्या दोन मी रजेवर असतानाच्या. वस्तू फेकून कुणाला लागल्याची एकही नाही. पाच ओळींच्या मार्चपर्यंत आठ-नऊ झाल्या, काही दिवस परत पाचवर आल्या.

विशेष शिक्षिकांनी वाचन-लेखनाची प्राथमिक चाचणी घेतली आणि पुढच्या तपासणीसाठी नाव पाठवलं. विशिष्ट अध्ययन अक्षमता ही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधल्या २१ प्रकारांपैकी एक आहे. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मागता येतील. आईला हे समजावणं अवघड गेलं. 'दिव्यांग' शब्द ऐकून ती उठूनच उभी राहिली. पुढच्या वेळी मी तो शब्द न वापरता, फळ्यावरून उतरवताना काय होतं ते वहीतून दाखवलं. मग ती तयार झाली.

खिचडीच्या रांगेचं मात्र काहीच सुटलेलं नाही. शेवटी येऊन ताट घेण्याची सवलत सुरू राहिली, पण शेवटी आलं की भाजी पातळ मिळते, हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. प्लॅन सी म्हणजे प्रश्न तात्पुरता बाजूला ठेवणं. आमच्याकडून तो बाजूलाच राहिला.

पुन्हा करायचं झालं तर

टाके पडलेल्या मुलाशी मी उशिरा बोलले. गटप्रमुख म्हणून तोही माझ्याच नियमाची नोकरी करत होता. त्याच्या आईला आप्पाचं कारण सांगितलं तर समर्थन वाटेल, या भीतीने मी गप्प बसले, आणि तिला वाटलं शाळेने प्रकरण दाबलं. आधी त्या मुलाची अडचण ऐकून घ्यायला हवी होती, आप्पाच्याही आधी.

शाळेत त्या वर्गावर शिकवणारे आम्ही चौघं. पहिल्याच दिवशी चौघांना एका टेबलाशी बसवलं असतं तर फळा पुसला गेला नसता. आणि पोळ्याची वाट का बघितली? पहिल्या तीन नोंदींनंतर सगळ्या एकाच तासाच्या आहेत हे डायरीत दिसत होतं. मी नोंदी लिहीत होते, वाचत नव्हते.

या पद्धतीला वेळ लागतो, ही तक्रार खरी आहे. तिन्ही बैठका मिळून दीड तास गेला असेल. ११ प्रसंगांत प्रत्येकी अर्धा तास वर्ग बंद पडला होता, तो हिशोब मात्र तेव्हा कुणी मांडला नाही. पण ३४ मुलांच्या वर्गात अशी चार-पाच मुलं एकदम असती तर मला जमलं असतं का, याबद्दल मी ठाम बोलणार नाही.

जूनमध्ये आप्पा सातवीत गेला, वर्गशिक्षक बदलले. मी त्यांच्यासाठी एक पान लिहून दिलं. पहिल्या मसुद्यात 'रागीट होता, आता सुधारला' असं वाक्य होतं, ते खोडलं. उरलं ते एवढं: फळ्यावरून उतरवताना ओळ निसटते. पाच ते नऊ ओळी स्वतः लिहितो. बाकी कार्बन. रांगेबद्दल त्याला अजून कुणी विचारलेलं नाही, शनिवारी परसबागेत विचारा, अहिराणीत. सरांनी पान वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि विचारलं, "कार्बन इथे मिळतो, की तालुक्याहून आणावा लागतो?"